धुऱ्यावरची पऱ्हाटी

पोळ्याच्या आदल्या दिवशी घरी पोचले तेव्हा बाबा वावरात होते. आई म्हणाली, सकाळचा चहाही न घेता गेले, तू पाहून ये जरा. मी बॅग ओसरीवर टेकवली आणि तशीच नाल्याच्या वाटेनं निघाले. रात्रभर पाऊस पडून गेलेला. काळी माती चपलेला बोटबोटभर चिकटत होती आणि दर वीस पावलांनी थांबून ती दगडावर घासावी लागत होती. आमचं वावर साडेतीन एकराचं, यंदा सोयाबीन आणि मधून तुरीच्या ओळी. बाबा पूर्वेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उकिडवे बसले होते. दहा-बारा दिवसांपूर्वी त्यांनी धुऱ्यावर तणनाशक मारलं होतं. हरळी, केना, कुंदा, गाजर गवत, सगळं तांबूस होऊन आडवं पडलेलं. मेलेल्या गवतावर पाऊस पडला की आंबूस, कडवट वास सुटतो, तो तिथं भरून राहिला होता. आणि त्या तांबूसपणात कपाशीची पाच झाडं, पाच पऱ्हाट्या उभ्या होत्या. हिरव्यागार, गुडघ्याएवढ्या. एकीनं तर पाती धरली होती.

"बाई, हे काहून नाई मेलं?" बाबांनी माझ्याकडं न पाहताच विचारलं. "सारं जळालं. हेच काहून राह्यलं?"

त्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. शेजारच्या वावरात गेली दोन वर्षं जी सरकी लागते तिला आमच्याकडं सगळे 'चोर बीटी' म्हणतात. थैलीवर ना धड नाव, ना पावती. पण तणनाशक मारलं तरी ती मरत नाही आणि निंदणाची मजुरी वाचते, म्हणून जूनच्या आधी ती रात्रीतून गावात येते. ग्लायफोसेट हे तणनाशक झाडातल्या ज्या विकराला (एन्झाइमला) बंद पाडतं, त्याची न बंद पडणारी आवृत्ती मातीतल्या एका जिवाणूकडून या कपाशीत आणलेली आहे. सरकारनं या वाणाला परवानगी दिलेली नाही. शेजारच्या भाऊंना मी दोष देऊ शकत नाही. निंदणाला बाई मिळत नाही आणि मिळाली तर कापसाच्या भावात ती मजुरी बसत नाही, हे आमच्याही घरचं गणित आहे. पण आम्ही ती सरकी कधी आणली नाही. ती आमच्या धुऱ्यावर कशी आली, हे मात्र मला लगेच दिसलं. गेल्या हिवाळ्यात भाऊंच्या वेचणीला आलेल्या बाया ओटीतला कापूस याच धुऱ्यावर उतरवायच्या, इथंच ताणकाट्यानं वजन व्हायचं. चार-दोन कवड्या गवतात राहिल्या असतील. मृगाचं पाणी पडलं आणि त्या उगवल्या.

मी म्हटलं, "उपटून टाकू का?" बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पाती धरली तिनं. पाती धरलेलं झाड कसं उपटू?"

आम्ही दोघं तसेच परत आलो.

ज्यांनी धुरा पाहिला नाही त्यांना ती दोन वावरांमधली मातीची रेघ वाटेल. आमच्याकडं धुऱ्यावरून सख्खे भाऊ वीस-वीस वर्षं बोलत नाहीत. माझ्या चुलत आजोबांनी दर वर्षी वखराचा एक एक फेर पलीकडं सरकवून धुरा कोरत नेला आणि अखेर मोजणी आली, दगड रोवले गेले, तेव्हा घरातल्या बाया कशा रडल्या होत्या ते मला अजून आठवतं. धुऱ्याचा अर्धा भाग आपला, अर्धा शेजाऱ्याचा. त्याच्यावर बोरीबाभळी वाढतात, साप राहतात, जेवणाच्या शिदोऱ्या सुटतात. अलीकडं धुऱ्यावर बाबांनी आईच्या जुन्या साड्या बांधल्यात, रानडुकरं बिचकावीत म्हणून. रोही त्यांना बधत नाहीत. ज्यांना जमतं त्यांनी झटका मशीन बसवलं. माणूस, गुरं, डुक्कर, रोही, सगळ्यांना अडवायचा काहीतरी उपाय आम्ही काढला आहे. सरकीच्या एका दाण्याला अडवायचा उपाय आमच्याकडं नाही, आणि दाणा तर निदान डोळ्यांना दिसतो.

मी तालुक्याच्या गावी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. डोळ्यांना न दिसणारं शिकवणं हेच माझं काम. म्हणून त्या पाच पऱ्हाट्या माझ्या मनातून जाईनात. पोळ्याच्या दिवशी बैलांच्या शिंगांना बेगड लावताना, आईनं पुरणाचा घास बैलाच्या तोंडाशी नेला तेव्हा, तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन दारात आली तेव्हाही मी धुऱ्याचाच विचार करत होते. बाबा पेरणीआधी सोयाबीनला गुळाच्या पाण्यात रायझोबियम चोळतात. सावलीत, गोणपाटावर, बोटं काळी होईपर्यंत. ते जिवाणू साधे आहेत, मातीतूनच आलेले. पण अमेरिकेत मक्याच्या मुळांना नत्र पुरवणारे, जनुकांत फेरफार केलेले जिवाणू आजच बाजारात मिळतात. कधीतरी आमच्या कृषी केंद्राच्या फळीवरही तसं पाकीट येईल. खताच्या पोत्याचा भाव पाहता मला ते यावंसंही वाटतं. पण ते गुळाच्या पाण्यात कालवून आमच्या मातीत गेले की त्यांचा धुरा कोणता?

हा प्रश्न माझा एकटीचा नाही, आणि नवाही नाही. १९७५ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या आसिलोमार इथं पॉल बर्ग आणि त्यांचे सहकारी याच काळजीनं जमले होते. एका जिवाचं जनुक दुसऱ्यात घालता येऊ लागलं होतं आणि असा जिवाणू प्रयोगशाळेच्या मोरीतून बाहेर पडला तर काय, हे त्यांनी स्वतःहून विचारलं. उपाय असा ठरला की जिवाणूच दुबळा करायचा. रॉय कर्टिस यांनी ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचा तसा एक वाण घडवला. त्याला जगायला डायअमिनोपिमेलिक आम्ल बाहेरून द्यावं लागे. ते नाही मिळालं तर त्याची भिंत बांधली जात नाही आणि तो फुटतो. मी हे दर वर्षी फळ्यावर लिहिते आणि दर वर्षी मुलांना विचारते, यात खोट कुठं आहे? एखादं पोर सापडतंच सांगणारं. हे आम्ल इतर असंख्य जिवाणूंच्या भिंतीत असतं. शेणात आहे, मातीत आहे. घरातून उपाशी हाकललेला माणूस आणि बाहेर गावभर पंगती बसलेल्या. शिवाय जिवाणूंमध्ये जनुकांची देवघेव सतत चालते. हरवलेलं जनुक शेजाऱ्याकडून मिळालं की कुलूप उघडलं.

म्हणून गेल्या वीसेक वर्षांत काही जणांनी वेगळी वाट धरली. कुलूप बाहेरून लावण्यापेक्षा जिवाचा मजकूरच अशा लिपीत लिहायचा की बाहेरच्या कुणाला तो वाचता येऊ नये.

हे वाचताना मला आमचं खरेदीखत आठवलं. पणजोबांनी हे वावर घेतलं तेव्हाचा कागद मोडीत आहे. पिवळा पडलेला, घडीवर चिरलेला, पत्र्याच्या डब्यात हळदीच्या गाठीबरोबर ठेवलेला. मोजणीच्या भांडणात बाबा तो घेऊन तलाठ्याकडं गेले, तहसिलात गेले, एका वकिलाकडं गेले. भाषा मराठीच. मजकूर आमच्याच वावराचा. पण कुणालाच तो वाचता येईना. शेवटी अमरावतीला मोडी वाचणारे एक म्हातारे गृहस्थ भेटले, त्यांनी दोरी उलगडावी तसा तो कागद उलगडून दाखवला. बाबा सांगतात, स्वतःच्या आजोबांचं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला.

डीएनए म्हटलं की आपण चार अक्षरं आठवतो. पण ती अक्षरं ज्या धाग्यावर ओवलेली असतात तो धागा साखर आणि फॉस्फेटचा असतो, आणि पृथ्वीवरच्या साऱ्या जिवांत डीएनएच्या धाग्यातली साखर एकच, डीऑक्सिरायबोज. केंब्रिजच्या रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत फिलिप हॉलिगर, व्हिटर पिनेरो आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ही साखरच बदलून दाखवली. सहा वेगवेगळ्या कृत्रिम धाग्यांवर त्यांनी डीएनएतला मजकूर उतरवला आणि तिथून परत डीएनएत आणला. अक्षरं ओळखीची, पण धागा असा की जिवंत पेशीतल्या वाचणाऱ्या यंत्रणेला तो नीट धरताच येत नाही. म्हणून त्यांना तो वाचणारे-लिहिणारे विकरही मुद्दाम घडवावे लागले. या पदार्थांना मिळून एक्सएनए म्हणतात. त्यातला एक्स ग्रीक 'झेनोस'वरून आला. त्या शब्दाचा अर्थ परका, आणि पाहुणाही. हा दुसरा अर्थ मला फार आवडला.

दुसऱ्यांनी अक्षरंच वाढवली. कॅलिफोर्नियात फ्लॉइड रोमसबर्ग यांच्या गटानं २०१४ मध्ये ई. कोलायच्या आत चार अक्षरांखेरीज आणखी एक जोडी टिकवून दाखवली. ही अक्षरं निसर्गात कुठंच नाहीत, त्यामुळं ती बाहेरून खाऊ घालावी लागतात, आणि ती आत ओढून घ्यायला एका शेवाळाचं जनुक उसनं घ्यावं लागलं. पुरवठा थांबला की पुढच्या पिढ्यांतून ती जोडी गळून जाते. फिलिप मार्लिएर आणि सहकाऱ्यांनी तर त्याआधी, २०११ मध्येच, जिवाणूला पिढ्यान्‌पिढ्या सवय लावून त्याच्या चार अक्षरांपैकी थायमीनची जागा जवळजवळ पूर्णपणे क्लोरोयुरॅसिल या कृत्रिम अक्षराला दिली होती. त्यांचं म्हणणं सरळ आहे. निसर्गापासून जितकं दूर, तितकं सुरक्षित. अशा जिवाला कृत्रिम अन्नाशिवाय जगता येणार नाही, आणि त्याचं जनुक मातीतल्या जिवाणूच्या हाती पडलं तरी ते त्याच्यासाठी आमच्या डब्यातल्या कागदासारखंच राहील.

यातलं बरंचसं अजून परीक्षानळीत आहे. पूर्णपणे एक्सएनएवर जगणारा जीव आजवर कुणी घडवलेला नाही. जिवंत पेशीत जे काम सर्वांत पुढं गेलं ते शब्दकोश बदलण्याचं, म्हणजे डीएनएतल्या एखाद्या शब्दाला प्रथिनाचा वेगळाच घटक नेमून देण्याचं. २०१५ मध्ये जॉर्ज चर्च आणि फॅरन आयझॅक्स यांच्या दोन गटांनी असे ई. कोलाय तयार केले की ज्यांना जगायला निसर्गात न सापडणारं अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा एक घटक, लागतं. शेणात नाही, मातीत नाही, कुणाच्या भिंतीत नाही. प्रयोगशाळेच्या बाटलीतच. आयझॅक्स यांच्या गटानं सुमारे दहा हजार कोटी जिवाणू सात दिवस त्या अन्नाविना ठेवले. एकही जगून वर आला नाही.

दहा हजार कोटी. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा थक्क झाले होते. अमेरिकेची जुनी मार्गदर्शक मर्यादा दहा कोटीत एक सुटला तर चालेल अशी आहे, त्याच्या मानानं हे केवढं पुढचं. पण परवा वर्गात मातीतले जिवाणू मोजायचा धडा घेताना मी नुसता हिशोब केला. सुपीक मातीच्या एका ग्रॅममध्ये शंभर कोटींपर्यंत जिवाणू असतात. म्हणजे दहा हजार कोटी जिवाणू शंभर ग्रॅम मातीत. शंभर ग्रॅम माती म्हणजे एक मूठ. मी धुऱ्यावर बसून चप्पल घासून काढली तेवढी.

म्हणजे ते काम थोर नाही असं मला म्हणायचं नाही. मला ते फार थोर वाटतं. आपण जे घडवलं ते आपल्या हातातून सुटू नये याची काळजी ते घडतानाच, जिवाच्या आतच घ्यायची, ही कल्पना मला माझ्या विषयातली सर्वांत जबाबदार कल्पना वाटते. कारण बाहेरून लावलेल्या काळजीचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे. २००२ मध्ये बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच बनवणाऱ्या कपाशीला, परवानगी मिळाली तेव्हा नियम होता की वावराच्या कडेनं बिगर-बीटी कपाशी लावायची, म्हणजे बोंडअळीला तिथं खायला मिळेल आणि विष पचवणारी अळी एकटीच वाढणार नाही. साडेचारशे ग्रॅमच्या थैलीसोबत १२० ग्रॅमचं वेगळं पाकीट यायचं. आमच्या घरात ती पाकिटं खुंटीला लटकलेली असायची. कुठं उगवण कमी पडली तर तिथं टोबायला वापरायची, नाहीतर तशीच. ते पाकीट कशासाठी आहे हे बाबांना कुणीच बसून सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी तीन एकरांतला पाचवा हिस्सा अळीला वाढून ठेवा, असं कर्जात असलेल्या माणसाला कोण कसं सांगणार? गुलाबी बोंडअळीनं पुढं विषाची दोन जनुकं असलेली बीटीही पचवली. २०१७ साली अळी आली, पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेलेली, लोक तिच्यात शिरून फवारत राहिले आणि यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-मजूर विषबाधेनं गेले. आमच्याकडं फवारणीला येणाऱ्या दादाला दोन दिवस नीट दिसत नव्हतं. मास्क घाला, हातमोजे घाला, वाऱ्याच्या दिशेनं फवारा, हे सगळं बाटलीवर बारीक अक्षरात होतं. ती सुरक्षा होती, फक्त ती त्याच्यापर्यंत कुणी पोचवली नव्हती. म्हणून ज्या कुलपाला माणसाच्या आठवणीची, पैशाची, सवडीची गरज लागत नाही, असं कुलूप कुणी घडवत असेल तर माझ्यासारखीनं त्याच्या बाजूनं बोलायलाच हवं.

आणि निसर्गात असं कुलूप असतंही. आमच्या लहानपणी आजी परड्यात देशी पऱ्हाटीची दोन झाडं राखायची, वातीच्या कापसासाठी. बारीक बोंडं, आखूड धागा, पण देवापुढं त्याचीच वात लागायची. पलीकडं वावरात अमेरिकन जातीची संकरित कपाशी असायची. मधमाशी दोन्हींवर बसायची. तरीही आजीची पऱ्हाटी वर्षानुवर्षं तशीच राहिली, कारण देशी कपाशीत २६ गुणसूत्रं आणि अमेरिकन कपाशीत ५२. परागकण उडून आले तरी शेजारच्या वाणाचा संसार तिथं धड लागत नाही. कुणी न बांधलेला धुरा. बीएस्सीला हे शिकले तेव्हा मी आजीला सांगायला धावत गेले होते. ती म्हणाली, "तिले तिचं कळते."

पण परकेपण नेहमी कुंपणासारखंच वागतं का? इथं माझं मन अडतं. त्याच धुऱ्यावर गाजर गवतही होतं. ते मेक्सिकोच्या बाजूचं. इथं आलं तेव्हा इथल्या कुठल्या किड्याला ते खाता येईना, कुठलं जनावर त्याला तोंड लावीना, आणि म्हणूनच ते रस्त्यांच्या कडेनं, पडीत वावरांतून, शाळेच्या मैदानांतून पसरलं. आईचे हात त्यानं दर पावसाळ्यात खाजून लाल होतात. शेवटी त्याला खाणारा भुंगेरा मेक्सिकोतूनच आणून १९८४ मध्ये बंगळूरकडं सोडावा लागला. कुणाला ओळखता न येणं हे बंधन होतं तसं मोकळं रानही होतं. २०२४ च्या डिसेंबरात ३८ शास्त्रज्ञांनी 'सायन्स'मध्ये एकत्र येऊन हेच बजावलं, आरशातल्या जिवाणूंबद्दल. ज्याचे सारे रेणू डाव्याचे उजवे केलेले असतील असा जिवाणू घडवू नका, कारण त्याला विषाणू धरणार नाहीत, भक्षक पचवू शकणार नाहीत, आपल्या शरीराची राखणही त्याला कदाचित ओळखणार नाही, आणि डावं-उजवं नसलेलं साधं अन्न मिळालं तर तो जगूही शकेल. हे सांगणाऱ्यांमध्ये त्या वाटेनं काम करू पाहणारेही होते, याचं मला फार अप्रूप वाटलं. एक्सएनएची गोष्ट वेगळी आहे, त्याला कृत्रिम दाणापाणी लागतो. पण 'जितकं दूर तितकं सुरक्षित' हे वाक्य मी आता वर्गात सांगते तेव्हा गाजर गवताची एक काडी टेबलावर ठेवते. ज्याला इथलं काही खाता येत नाही आणि ज्याला इथलं कुणी खाऊ शकत नाही, या दोन गोष्टी वेगळ्या, आणि सुरक्षा पहिलीतच आहे.

बाबांना हे सगळं मी पोळ्याच्या रात्री सांगितलं. जसं जमलं तसं. कृत्रिम दाणा दिल्याशिवाय न जगणारा जिवाणू, दुसऱ्याला वाचता न येणारं जनुक. ते बाजेवर पडून ऐकत होते. बराच वेळ गोठ्यातल्या घंटांचा तेवढा आवाज. मग त्यांनी विचारलं, "अन् तो दाना कोनाकडून घ्या लागते?"

मी गप्प झाले.

त्यांना टर्मिनेटर आठवला होता. १९९८ मध्ये अमेरिकेत एका बियाणे कंपनीला आणि तिथल्या शेती खात्याला मिळून पेटंट मिळालं होतं, पीक येईल पण त्याचा दाणा पुन्हा उगवणार नाही अशा तंत्राचं. ते बाजारात कधी आलं नाही. पण त्या शब्दानं आमच्या गावात जी भीती पसरली ती मी लहानपणी पाहिली आहे. बाबा तेव्हा ओल्या गोणपाटावर शंभर-शंभर दाणे मांडून उगवण मोजत बसायचे, ज्वारीचे, तुरीचे, मुगाचे. मी शेजारी बसून कोंब मोजायची. ब्याण्णव आले, शहाऐंशी आले. कपाशीची सरकी तर संकरित असल्यानं तशीही दर वर्षी विकतच होती, तरी ते मोजायचे. पुढं २००१ च्या आपल्या वाण संरक्षण कायद्यात असलं तंत्र असलेल्या वाणाला नोंदणीच मिळणार नाही अशी तरतूद झाली, हे मला मोठेपणी कळलं आणि त्या गोणपाटावरच्या दाण्यांची आठवण होऊन बरं वाटलं.

आता गंमत नाही, अवघड गोष्ट अशी की शास्त्राच्या नजरेनं टर्मिनेटर हेही एक कुलूपच होतं. फेरफार केलेलं जनुक शेजारच्या वावरात जाऊ नये यासाठी ते उपयोगी पडेल असंही त्याच्या बाजूनं बोललं गेलं. आमच्या धुऱ्यावरच्या पाच पऱ्हाट्यांत ते असतं तर त्या उगवल्याच नसत्या. मग मला एक हवं आणि दुसरं नको, असं का? मी त्या रात्री याच्यावर खूप विचार केला. टर्मिनेटर बियाण्यात कुलूप लागायचं ते कास्तकाराच्या कणगीला, आणि किल्ली विकत घ्यायची ती त्यानंच. औषध बनवणाऱ्या टाकीत कृत्रिम अन्नावर पोसलेला जिवाणू असेल तर दाणा कारखानदारानं घ्यायचा आणि टाकी फुटली तर मरायचं जिवाणूनं. तिथं मी डोळे मिटून हो म्हणेन. पण तोच जिवाणू बाबांच्या गुळाच्या पाण्यात आला आणि त्याचा दाणा दर पंधरा दिवसांनी कृषी केंद्रातून आणावा लागला, तर रसायन तेच असूनही तो मला दुसराच पदार्थ वाटतो. शास्त्रज्ञांच्या लेखांत सुटण्याचं प्रमाण मोजलेलं असतं, दहा कोटीत एक, दहा हजार कोटीत शून्य. दाणा कुणाच्या खिशातून, हेही त्याच तक्त्यात मोजलं जावं असं मला मनापासून वाटतं. हा प्रश्न प्रयोग संपल्यावर विचारायचा नाही. धागा कुठला घ्यायचा हे ठरतं तेव्हाच तो विचारला पाहिजे, आणि विचारणाऱ्यांत बाजेवर पडून ऐकणारा एखादा माणूस असला पाहिजे.

बाबांना मी यातलं काही सांगितलं नाही. त्यांना झोप लागली होती.

संक्रांतीला पुन्हा गेले. सोयाबीन कधीचं निघालं होतं, त्याजागी हरभरा घाट्यावर आलेला. पानांवरची आंब बोटांना चिकटत होती. धुऱ्यावर पाचही पऱ्हाट्या होत्या. छातीपर्यंत वाढलेल्या, पानं लाल पडलेल्या, बोंडं काही फुटलेली, काही किडकी. शेजारच्या भाऊंनी वावरात फरदड, म्हणजे वेचणीनंतरही न उपटलेली कपाशी, ठेवली होती. बाबांनी एक न फुटलेलं बोंड तोडलं, अंगठ्यानं दाबून चिरलं आणि माझ्यापुढं धरलं. आत सरकीच्या दाण्याला चिकटून गुलाबी अळी वळवळत होती. तणनाशकानं न मेलेलं झाड, आणि बीटीनं न मेलेली त्यातली अळी. बाबांनी ती चपलेखाली चिरडली, बोंड खिशात टाकलं आणि पऱ्हाटी उपटायचा चिमटा मागितला.

पहिली पऱ्हाटी जोर लावून निघाली. मुळांना काळी ढेकळं धरलेली. दुसरी, तिसरी, चौथी. मी त्यांचा ढीग करत होते. पाचवीपाशी मी चिमटा लावणार तेवढ्यात बाबांनी हात धरला. हद्दीच्या दगडापासून त्यांनी नजरेनं एक रेघ ओढली, मग वाकून वितीनं मोजली.

"ते नाई," ते म्हणाले. "ते त्याच्यावाल्या अर्ध्यात हाय. त्याले विचारल्याबिगर नाई उपटता येत."

भाऊ वावरात नव्हते. आम्ही थोडा वेळ वाट पाहिली. चार झाडांचा भारा बाबांनी डोक्यावर घेतला, चुलीला होईल म्हणून. मी मागं वळून पाहिलं. पाचव्या पऱ्हाटीची एक फांदी आमच्या बाजूला झुकली होती. तिच्यावरचं बोंड पूर्ण फुटलेलं होतं आणि कापूस खाली, आमच्या हरभऱ्यावर, लोंबत होता.